सर ज्याच्या ओसरीवर

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी गंगाधर ताम्हनकर सरांच्या घशाखाली घास उतरत नाही. मुलांना ही भीती आयुष्यात एकदाच, सरांना वर्षाच्या वर्षाला. सत्तावीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली सोळा दहावीचे वर्गशिक्षक म्हणून. एवढ्यात माणूस निर्ढावायला हवा. पण निकालाची तारीख जाहीर झाली रे झाली की सरांची झोप उडते, आणि भोरच्या घरी त्यांच्या पत्नी सुलूबाई चार दिवस नुसती मुगाची खिचडी टाकतात, कारण दुसरं काही सरांच्या पोटात ठरत नाही.

एरवी माणूस भित्रा नाही. उंच, शिडशिडीत, आवाज असा की वर्गात बोलले तर पलीकडच्या बांधावरची म्हैस मान वर करते. वरंध घाटाच्या रस्त्यावरची ती माध्यमिक शाळा भोरपासून तासाभरावर. पावसाळ्यात कधी दरड येते, कधी झाड पडतं, पण सरांची मोटारसायकल सातच्या आत फाटकाशी उभी. शाळा भरण्याआधी दहावीचा जादा तास. कोणी दोन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी सर त्याच्या घरी. नाचणीच्या लावणीला पोरगी घरी ठेवून घेतलेल्या बापाला त्यांनी बांधावर गाठून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, त्याच्याबरोबर चार ओळी लावल्या आणि मग पोरगी मागून नेली. अख्ख्या खोऱ्यात या माणसाविषयी वाकडा शब्द बोलणारा सापडायचा नाही.

मग भीती कसली? ती अकरा वर्षांची जुनी आहे. त्या साली निकाल लागला तेव्हा सर शाळेत पहिल्या आलेल्या मुलीच्या घरी पेढे खात होते. गणितात नापास झालेला गोरख त्याच वेळी शाळेच्या फाटकावरून एकटाच खाली गेला, असं नंतर कोणी तरी सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो खोऱ्यातल्या धरणाच्या पाण्यात सापडला. सरांना कोणी बोल लावला नाही. गोरखच्या आईनं तर त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं. पण तेव्हापासून सरांनी पेढा तोंडात घातलेला नाही.

आणि तेव्हापासूनच त्यांनी एक रीत धरली. निकालाच्या दिवशी वर्गातलं जे पोर सगळ्यांत कच्चं, त्याच्या घरी दुपारी बाराला जाऊन बसायचं. ‘इकडूनच चाललो होतो, म्हटलं भाकरी खाऊनच जावं,’ असं म्हणायचं. निकाल लागतो दुपारी एकला. तो त्या पोराच्या शेजारी बसून मोबाईलवर बघायचा. पास झालं तर पाठीवर थाप. नापास झालं तर तिथंच समजूत, तिथंच पुढच्या परीक्षेची आखणी, आणि दिवस मावळेपर्यंत घर सोडायचं नाही. अकरा वर्षांत अशी दहा घरं झाली. दहातली सात पोरं नापास झाली, आणि सातही आज हिंडतफिरत आहेत. कोणी शिरवळला कंपनीत आहे, कोणी टेम्पो चालवतो, एकीला दोन मुलं आहेत.

म्हणजे रीत चांगलीच होती. फक्त एक गोष्ट सरांच्या ध्यानात आली नव्हती. आपण जसे पोरांवर डोळा ठेवतो, तशी खोऱ्यातली माणसंही आपल्यावर डोळा ठेवून असतात. दहातली सात म्हणजे काय थोडी झाली? आणि उरलेली तीन कोण लक्षात ठेवतो? वाड्यावस्त्यांवर म्हणच पडून गेली होती: ‘सर ज्याच्या ओसरीवर, त्याची गाडी घसरणीवर.’ सरांना बोर्डाकडून निकाल आदल्या दिवशीच कळतो, असंही लोक खात्रीनं सांगत. निकालाच्या दिवशी बाराच्या सुमाराला घाटरस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला की दहावीचं पोर असलेल्या प्रत्येक घरात बाया कामं टाकून कान देत, आणि आवाज पुढं निघून गेला की देवाला हात जोडत. हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या ताम्हनकर सरांना. दहावीच्या वर्गाला ज्यानं सोळा वर्षं वाट दाखवली, त्याला स्वतःच्या पायाखालचं दिसू नये, याला काय म्हणावं!

यंदा दहावीला एकोणीस मुलं होती. पूर्वपरीक्षेत सगळ्यांत खाली सोनिया. गणितात चाळीसपैकी सहा. घर हिर्डोशीच्या अलीकडच्या वाडीवर, बाप धनाजी, म्हणजे पोरीचा बापू, शिरवळला टेम्पोवर, घरी आई रत्ना आणि ही. पोरगी अबोल. प्रश्न विचारला की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. पूर्वपरीक्षेनंतर मात्र ती रोज पहिल्या बाकावर येऊन बसायला लागली होती, तेही न सांगता. सरांनी ते पाहिलं होतं, पण सहा आकडा त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. सबंध महिना त्यांनी दुसऱ्या कुठल्याच घराचा विचार केला नाही.

मे महिन्यातली दुपार, ऊन मी म्हणत होतं. बाराला पाच कमी असताना सरांनी मोटारसायकल वाडीच्या उंबराखाली लावली. सोनिया दारातच होती, कडेवर पाण्याची कळशी. तिनं सरांना पाहिलं. सर हसले, हात वर केला. पोरीनं कळशी खाली ठेवली आणि आत गेली.

‘लाजली असेल,’ सरांना वाटलं. ते ओसरीवर टेकले, घाम पुसला आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, “इकडूनच चाललो होतो ताई, म्हटलं भाकरी खाऊनच जावं.”

रत्ना पदराचं टोक तोंडाशी धरून चौकटीत उभी होती. तिच्या चेहऱ्याचा रंग पार उडाला होता.

“किती इषयात गेली, सर?”

“काय?”

“एकात का दोनात? सांगून टाका. तिच्या बापाला फोन करावा लागंल.”

“अहो, निकाल लागायला अजून तास आहे. मला काय ठाऊक?”

“न्हाई कसं! उगाच का आलाय तुमी?” रत्नाला रडू फुटलं. “समद्यांना म्हाईत हाय सर. तुमी ज्याच्या ओसरीवर बसता, त्येचं पोर नापास. सकाळपास्नं पोरगी दारात हुबी राहून तुमच्या गाडीचाच आवाज ऐकत व्हती. म्हनत व्हती, आई, सर म्होरं गेलं की मी सुटले.”

सर उठून उभे राहिले. त्यांना रत्नाचं पुढचं बोलणं ऐकू येईना. दहा घरं, दहा ओसऱ्या, दहा पोरांचे चेहरे. आपल्याला दारात पाहून ती पोरं गप्प व्हायची आणि आपण समजायचो, धीर आला. धीर कसला, आपण तासभर आधी शिक्षा सुनावत होतो.

“सोनिया कुठं आहे?”

“आत हाय की. सोने! ए सोने!”

आत कोणी नव्हतं. मागचं दार सताड उघडं होतं.

मागच्या दारातून पायवाट खाली उतरते ती सरळ धरणाच्या पाण्याकडे. रत्ना हाका मारत वाडीत वरच्या अंगाला धावली, सर खाली. चपलेचा बंद तुटला, तो पायाला ओढत, दगडांवरून ठेचकाळत ते उतरत होते. ओठ एकच नाव घेत होते. ते सोनियाचं नव्हतं, गोरखचं होतं, आणि हे त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

अर्ध्या उतारावर चिमाजी नावाचा म्हातारा म्हशी घेऊन सावलीला बसला होता.

“चिमाजीबाबा, सोनिया दिसली का?”

“रत्नीची पोर व्हय? आत्ताच गेली की खाली. पळतच व्हती. म्या इचारलं, कुठं गं, तर बोलली न्हाई.” मग म्हाताऱ्यानं सरांच्या तोंडाकडं पाहिलं, कपाळावर हात मारला. “आरं देवा! तुमी तिच्या घरी गेलता का काय?”

सर पळाले. म्हातारा मागून ओरडून काही तरी सांगत होता, “गाळ... गाळात नगा...” पण ऐकायला थांबतंय कोण?

उन्हाळ्यात धरणाचं पाणी पार मागं हटतं आणि पाण्याखाली गेलेली जुनी शेतं उघडी पडतात. बांध दिसतात, विहिरीचं कडं दिसतं, देवळाचा चौथरा दिसतो. वरून बघावं तर जमीन कशी वाळून भेगाळलेली, खुशाल चालत जावं अशी. गावातलं शेंबडं पोरही तिच्यावर पाय ठेवताना आधी काठी टोचून बघतं. भोरच्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार?

सरांना पहिल्यांदा दिसल्या त्या चपला. गाळाच्या कडेला निळ्या पट्ट्याच्या, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या. पुढं नुसता गाळ आणि त्याच्या पलीकडं उन्हात चमकणारं पाणी. माणूस नाही.

“सोनिया!”

त्यांच्या आवाजाला पलीकडच्या डोंगरानं साद दिली, बाकी कोणी नाही. सर धावत सुटले. दहा पावलं जमीन टणक लागली, अकराव्याला ती खचली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला तर डावा मांडीपर्यंत. जेवढी धडपड करावी तेवढं खालून कोणी तरी ओढतंय असं वाटायला लागलं. खिशातला मोबाईल काढायला गेले तो हातातून निसटून चिखलात गडप झाला. गाळ कमरेला लागला तेव्हा सर मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते त्यांना आजही आठवत नाही.

“सर! हलू नगा! आजिबात हलू नगा!”

सोनिया देवळाच्या चौथऱ्यामागून उभी राहिली होती. जिवंत, कोरडी, हातात एक काठी. सरांना तिला बघून आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण त्या क्षणी भीतीनं त्यांचं सगळं अंग भरलेलं होतं, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

काठी टोचत टोचत ती बांधाच्या दगडांवरून वळसा घालून आली. कडेच्या निरगुडीच्या फांद्या मोडून त्यांच्यासमोर टाकल्या, त्यावर पुन्हा टाकल्या. “आता फुडं झुका. पालथं पडा त्याच्यावर. हात लांब करा. पाय वढायची घाई करू नगा, हळूहळू सैल करा. आमची म्हस रुतली तवा बापूनं असंच काढली व्हती.” वर्गात तोंडातून शब्द न काढणारी पोर सरांना एकामागून एक हुकूम सोडत होती आणि सर निमूटपणे ऐकत होते. ओढणीला पीळ घालून तिनं टोक त्यांच्याकडं फेकलं, दुसरं बांधाच्या दगडाला गुंडाळून स्वतः मागं रेलली. पाव तास लागला. सर बाहेर आले ते सरपटत, कमरेखाली काळेकुट्ट आणि दोन्ही पाय अनवाणी.

दोघं चौथऱ्याच्या सावलीत बसली.

“मी जीव द्यायला न्हवते आले,” सोनिया खाली बघून म्हणाली. “लपायला आलते. निकाल लागून लोकं बोलून दमली की घरी जानार व्हते. चपला गाळात अडकत्यात म्हनून काढल्या.” मग जरा थांबून, “पयल्यांदा पान्याकडं बगितलं व्हतं. पर मंग आई म्हनाली असती, सकाळची कळशी कुनी भरायची.”

सरांनी डोळे मिटून घेतले.

“किती इषयात गेले, सर?”

“मला माहीत नाही.”

“खरं सांगा.”

“सोनिया, आईची शपथ. मला कधीच आधी माहीत नसतं. कोणीच सांगत नाही मला.”

पोरीला हे पटायला वेळ लागला. ती काठीनं जमीन उकरत राहिली. मग तिनं मान वर करून विचारलं, “मंग तुमी आमच्याच घरी कशाला आला?”

थाप मारायला सोपं होतं. भाकरी होती, वाट होती, ऊन होतं. पण कमरेपर्यंत गाळ लागलेल्या माणसाला थाप मारायलाही अंगात बळ लागतं.

“मला वाटलं होतं, तू नापास होशील.”

सोनियाचे डोळे भरले आणि तिनं तोंड पाण्याकडे फिरवलं.

“आईला न्हवतं वाटलं,” ती म्हणाली. “बापूला बी न्हवतं. मला सोताला बी न्हवतं वाटलं. मी पेपर सोडवून आले तवा मला वाटलं, निघंल. तुमी गाडी लावली आन् मंग वाटलं, सरांनाच म्हाईत.”

सरांना अकरा वर्षांत एवढं कुणी मारलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. गोरख सांगितला, पेढा सांगितला, खिचडी सांगितली. एकाला पाच कमी असताना आपल्याला कसा दरदरून घाम सुटतो तेही सांगितलं. वर्गासमोर सोळा वर्षं ‘भ्यायचं कशाला’ म्हणून फळ्यावर डस्टर आपटणारा माणूस आपल्या विद्यार्थिनीला सांगत होता, की पोरी, मला फार भीती वाटते. तुमच्यासाठी म्हणून जातो, पण खरं म्हणजे मला घरी एकट्याला बसवत नाही. सोनियानं सगळं ऐकलं. मग उठून तिनं हात पुढं केला. “चला. आई रडत आसंल.”

वर पोचायला दीड वाजला. गोठ्याच्या कोपऱ्यावर, जिथं काय ती रेंज येते तिथं, रत्ना मोबाईल कानाला लावून उभी होती आणि रडतच हसत होती. धनाजीनं शिरवळला निकाल बघितला होता. सोनिया पास. बावन्न टक्के. गणितातही निघाली होती. रत्नानं आधी पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला कवटाळलं. सर उंबराला टेकून उभे राहिले. जीव भांड्यात पडला म्हणायचं, तेवढ्यात रत्नानं डोळे पुसत सांगितलं, “आन् सर, हेडमास्तरांचा फोन व्हता. तुमचा लागंना, आन् तुमची गाडी आमच्या उंबराखाली हाय ही बातमी समदीकडं गेलीया, म्हनून हिकडं केला. म्हनले, सरांना सांगा, अठरा पास, एक गेला.”

“कोण?”

“सार्थक.”

सार्थक! पूर्वपरीक्षेत तिसरा, कबड्डीचा कप्तान, वर्गात सगळ्यांत मोठ्यानं हसणारा. त्याच्याबद्दल सरांच्या मनात कधी शंकेची पालसुद्धा चुकचुकली नव्हती. इंग्रजीत गेला होता. निकाल लागून अर्धा तास होऊन गेला आणि तो अर्धा तास त्याच्याजवळ कोणी नव्हतं. सरांनी वहाणेचा विचार न करता अनवाणीच मोटारसायकलला किक मारली. ती लागेना.

“सर, थांबा,” सोनिया म्हणाली. “आता तुमी त्याच्या दारात दिसलात तर त्याला काय वाटंल?”

सर थांबले. तेही खरंच होतं. आणि न जावं तर? अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पुढं काय करायचं ते सुचेना, आणि त्यांनी समोरच्या सोळा वर्षांच्या पोरीला विचारलं, “मग मी काय करू गं?”

“मी येते. मी फुडं जाते, तुमी मागं ऱ्हावा.”

“त्याला काय सांगशील? तू पास आणि तो...”

“पास-नापासाचं काय न्हाई सांगत. म्हनते, चल, आपलं सर गाळात रुतलं व्हतं, बघायला ये.”

सार्थकचं घर हिर्डोशीत रस्त्याला लागूनच. सरांनी गाडी अलीकडं आंब्याखाली थांबवली. सोनिया उतरून गेली. दुपारी तिच्याच दारात काय घडलं ते सरांना आठवत होतं आणि तिथं बसवेना, उभं राहवेना. अंगावरचा गाळ वाळून तडकायला लागला होता. बाया वाकून बघत होत्या. सर मनात आकडे मोजायला लागले. शंभरापर्यंत गेले, पुन्हा एकपासून सुरू केलं. आतून आवाज नाही, रडणं नाही, काही नाही. दुसऱ्यांदा सत्तराच्या पुढं गेले तेव्हा दार वाजलं.

सार्थक बाहेर आला. डोळे सुजलेले, नाक लाल. सोनिया चार पावलं मागं. तो आंब्यापर्यंत आला आणि सरांना डोक्यापासून अनवाणी पायांपर्यंत बघत राहिला.

“खरंच कमरेपातूर रुतला व्हता, सर?”

“हो.”

“मंग?”

सरांनी सवयीनं घसा खाकरला. शिकवण्यासारखं पुष्कळ सुचलं, पण त्यातलं काहीच बोलले नाहीत.

“मग काय, फार घाबरलो होतो रे. अजून घाबरलेलोच आहे.”

“मी बी, सर,” सार्थक म्हणाला, आणि सरांच्या शेजारी येऊन आंब्याच्या मुळीवर बसला.